अरण्याचा वहिवाटदार कोण?

भर पावसाळ्यात भिक्खू गावोगाव हिंडतात, कोवळे गवत तुडवतात आणि ओलाव्याला बाहेर आलेले बारीक जीव त्यांच्या पायाखाली मरतात, अशी कुरबुर राजगृहातल्या लोकांनी सुरू केली. दुसऱ्या पंथांचे साधू पावसाळाभर एका जागी थांबतात, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधून हे दिवस काढतात, मग या शाक्यपुत्रीय श्रमणांनाच थांबायला काय होते, असा त्यांचा सवाल होता. विनयपिटकाच्या महावग्गात ही हकिकत येते. बुद्धांनी तक्रार ऐकली आणि भिक्खूंना वर्षावास लावून दिला. संघाच्या जीवनातला एवढा मोठा नियम गृहस्थांनी घेतलेल्या हरकतीतून आला, ही गोष्ट सहसा लक्षात राहत नाही.

त्याच विनयात दुसरी एक कथा आहे. आळवीचे भिक्खू विहाराच्या बांधकामासाठी झाडे तोडत होते. एका झाडावर राहणाऱ्या देवतेने विनवले, तुझे घर बांधण्यासाठी माझे घर पाडू नकोस. भिक्खूने ऐकले नाही. कुऱ्हाडीचा घाव देवतेच्या लेकराच्या दंडावर बसला. या भिक्खूला इथेच ठार करावे, असे तिच्या मनात आले, पण तिने राग आवरला आणि ती बुद्धांकडे गेली. झाडातही जीव असतो असे मानणाऱ्या गावकऱ्यांनीही नाराजी बोलून दाखवली. त्यानंतर वनस्पती तोडणे हा भिक्खूसाठी दोष ठरला.

झाडावर देवता राहते की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण या दोन कथांनी उभे केलेले प्रश्न श्रद्धेवर अवलंबून नाहीत. अरण्याच्या वापराबद्दल तक्रार करण्याचा अधिकार कुणाला? ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने कोण बोलणार? आणि तक्रार ऐकून घेणाऱ्यावर त्यानंतर काही बंधन येते का? शहरातल्या जंगलाचे नियोजन करताना ‘लोकसहभाग’ हा शब्द हल्ली सगळेच वापरतात. त्याचा कस याच प्रश्नांवर लागतो.

मुंबईत या कथांना एक पत्ताही आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, डोंगराच्या कुशीत कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढची सुमारे हजार वर्षे इथे भिक्खू राहत होते. शंभराहून जास्त लेणी, त्यांच्याजवळ खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढ्या आणि त्या पोढ्यांत पाणी वळवणाऱ्या पन्हाळी आजही दिसतात. भिंतींवरच्या लेखांत कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या दात्यांची नावे आहेत. कुणी पोढी दिली, कुणी भिक्खूंच्या चीवरांसाठी कायमची ठेव ठेवली. या वस्तीला अस्पर्श निसर्गाचे चित्र म्हणून रंगवण्याचे कारण नाही. भिक्खूंनी आख्खा डोंगर कोरून काढला होता आणि बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या पैशावर ते जगत होते. पण वर्षावास पाळणारे, झाड तोडणे दोष मानणारे लोक शहरांच्या इतक्या जवळ, जंगलाच्या इतक्या आत शतकानुशतके राहिले. जंगलात राहायचे तर आपल्यावर काही मर्यादा घालून घ्यायची, ही समजूत त्या डोंगराला नवी नाही.

आज त्याच डोंगराभोवती देशातले सर्वांत दाट महानगर आहे. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली आणि गोरेगाव, पूर्वेला मुलुंड आणि ठाणे, दक्षिणेला आरे. १८६० मध्ये पुरा झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी हे दोन तलाव याच जंगलाच्या पाणलोटावर भरतात, आणि मुंबईच्या पाण्यात त्यांचाही वाटा आहे. २०१५ मध्ये निकित सुर्वे यांनी केलेल्या कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासात उद्यान आणि आसपासच्या पट्ट्यात ३५ बिबटे नोंदवले गेले. पहाटे चालायला येणाऱ्या लोकांची रीघ, तीनमूर्तीच्या जैन मंदिरात जाणारे भाविक, महाशिवरात्रीला कान्हेरीवर लोटणारी गर्दी, रविवारी येणाऱ्या शाळांच्या सहली, आणि या सगळ्यांच्या आधीपासून तिथे राहणारे वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा लोकांचे पाडे. हे सगळे या जंगलाचे लोक. आराखडा लिहिताना यांतल्या कुणाला विचारायचे?

बराच काळ याचे उत्तर सोपे होते: कुणालाच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानाला सर्वांत कडक संरक्षण दिले. व्यवस्थापन आराखडा वनअधिकारी लिहीत आणि वरिष्ठ तो मंजूर करत. माणसाचा उल्लेख त्यात बहुधा ‘पर्यटक’ किंवा ‘अतिक्रमण’ एवढाच. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने १९९५ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९७ मध्ये उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश झाला. जंगल वाचवण्यासाठी तो आदेश गरजेचा होता, हे आज मान्य करावेच लागेल; तो झाला नसता तर उद्यानाच्या कडा आणखी आत सरकल्या असत्या. पण त्या मोहिमेत काल आलेली झोपडी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा पाडा यांच्यातला फरक कागदावर धूसर झाला. ज्याच्याजवळ पुरावा कमी, त्याची जमीन कमी पक्की, आणि जंगलात राहणाऱ्यांजवळ कागद सर्वांत कमी असतात.

कायदा हळूहळू वळला. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींचे हक्क मान्य केले आणि ग्रामसभेला अधिकार दिला. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. त्यासाठी राज्य सरकारने क्षेत्रीय बृहत् आराखडा करावा आणि तो स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून करावा, असे त्या अधिसूचनेत लिहिले आहे. २०२२ मध्ये वन्यजीव कायदा दुरुस्त झाला तेव्हा अभयारण्य अनुसूचित क्षेत्रात किंवा वनहक्क कायद्याच्या कक्षेत येत असेल तर व्यवस्थापन आराखड्याआधी ग्रामसभेशी विचारविनिमय व्हावा, ही तरतूद आली. कागदावर पाहिले तर दरवाजा उघडला आहे. विचारविनिमय म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणताच कायदा नीट सांगत नाही. इथे कायद्याची भाषा संपते आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुरू होतो.

वारल्यांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःपुरते फार पूर्वी काढले आहे. त्यांचा वाघोबा म्हणजे वाघ आणि बिबट्या दोन्ही. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेली, शेंदूर माखलेली त्याची मूर्ती पाड्याच्या वेशीवर नाहीतर रानवाटेच्या कडेला असते. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी नोंदवली आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. गाव एकत्र जमते, कोंबडा किंवा बोकड दिला जातो, माणसांना आणि गुराढोरांना सांभाळ म्हणून वाघोबाला साकडे घातले जाते. एखादे जनावर बिबट्याने नेले तर वारली आधी स्वतःकडे बघतात: पूजा चुकली का, वागण्यात काही कमी पडले का?

बाहेरून पाहणाऱ्याला ही भाबडी समजूत वाटेल. तिच्यामागचा विचार मात्र भाबडा नाही. वाघोबा मित्र नाही, तसा शत्रूही नाही. तो शेजारी आहे, बलवान आहे, आणि त्याला त्याचा वाटा आहे. त्याच्याशी बोलता येते, पण त्याला हुकूम सोडता येत नाही. शिवाय हा व्यवहार एकदाच उरकत नाही. दर वर्षी नव्याने करावा लागतो. शहराच्या नियोजनात बिबट्याची जागा एक तर पोस्टरवर असते नाहीतर पिंजऱ्यात. शेजारी म्हणून त्याला जागा देणारी दुसरी कोणतीही कल्पना मुंबईजवळ नाही.

पिंजऱ्याचा मार्ग मुंबईने वापरून पाहिला. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांची मालिकाच लागली. बिबटे पकडा, हलवा, ही मागणी तेव्हा सगळीकडून आली आणि ती करणाऱ्यांच्या भीतीत खोटे काही नव्हते. पण जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून उलटेच दिसले. बिबट्या पकडून दूरच्या जंगलात सोडला की सोडलेल्या जागेच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढतात. ओळखीचा मुलूख सुटलेले जनावर बिथरते आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवे जनावर येते. २०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या पुढाकाराने वनविभाग, संशोधक आणि सामान्य मुंबईकर यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पोलीस, महापालिका, पत्रकार, गृहनिर्माण सोसायट्या यांच्याशी बसून बोलणे हे त्यातले मुख्य काम. उघडा कचरा असला की कुत्री वाढतात, कुत्री वाढली की बिबट्या येतो. तेव्हा कचरा उचलणे हेही वन्यजीव व्यवस्थापनच, हा विचार शहराच्या कारभारात त्या बैठकांमधून शिरला. बिबट्या दिसला म्हणून लगेच पिंजरा लावायचा नाही, हा निर्णय वनविभागाने एकट्याने घेतला असता तर जनक्षोभापुढे टिकला नसता. लोक त्यात सामील होते म्हणून तो टिकला.

लोकसहभागाचे हे महाराष्ट्रातले सर्वांत चांगले उदाहरण म्हणावे लागेल. त्यात लोकांना ‘तुम्हाला काय हवे’ असे कुणी विचारले नव्हते. तुम्ही काय बदलाल, असे विचारले होते. वारल्यांच्या वाघबारशीतही प्रश्न हाच असतो आणि वर्षावासाच्या कथेतही हाच आहे. ऐकणाऱ्याने आणि बोलणाऱ्याने दोघांनीही काही सोडायला तयार व्हायचे. सोडण्याची तयारी नसेल तर ती मागणी राहते. नियोजन तिच्यातून निघत नाही.

या सहजीवनाची किंमत मात्र सगळे सारखी मोजत नाहीत, आणि हे टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. २०२१ मध्ये आरेत पुन्हा हल्ले झाले. २०२२ च्या दिवाळीत, पहाटेच्या अंधारात, आरेमध्ये दीड वर्षही पुरे न झालेल्या एका मुलीचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. ज्या घराच्या दारात दिवा नाही, ज्याचे शौचालय घरापासून लांब आहे, ज्याची बाई पहाटे पाण्याला जाते, त्याच घरावर हा भार पडतो. विसाव्या मजल्यावरच्या खिडकीतून जंगल बघणाऱ्याला बिबट्याचा अभिमान फुकट मिळतो. म्हणून पाड्यातला पथदिवा, पाड्यातले शौचालय आणि वेळेवर उचललेला कचरा हे उद्यानाच्या आराखड्यातले पहिले कलम व्हायला हवे. ‘कल्याणकारी योजना’ अशा वेगळ्या फाइलीत ते ढकलणे म्हणजे बिबट्यासोबत जगण्याचा खर्च गरिबाच्या नावावर टाकणे.

आता दुसरे उदाहरण, त्याच जंगलाच्या दक्षिण टोकाचे. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायचे असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी आणि त्या झाडावर नोटीस लावावी, असे तो सांगतो. आपण तोडले जाणार असल्याचे पत्र त्या खोडावरच चिकटवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ते वाचून त्याच्या वतीने बोलायचे, अशी ही तरतूद. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात हे असो वा नसो, आळवीच्या कथेच्या इतक्या जवळ जाणारे कलम दुसऱ्या कोणत्या कायद्यात सापडणे कठीण आहे. आरेतल्या मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. २९ ऑगस्ट २०१९ रोजी वृक्ष प्राधिकरणाने परवानगी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती.

मेट्रो हवी की नको, कारशेड कुठे हवी, यावर प्रामाणिक मतभेद होते आणि आहेत. मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या कमी होतात, हाही पर्यावरणाचाच युक्तिवाद आहे. इथे मुद्दा एवढाच की त्या हजारो हरकतींचे पुढे काय झाले? त्या मोजल्या गेल्या. प्रत्येक हरकतीला उत्तर मिळाले का, तिच्यामुळे प्रस्तावातली एखादी रेघ सरकली का, आणि सरकली नसेल तर का नाही, हे हरकत घेणाऱ्याला कळले नाही. राजगृहाच्या लोकांची संख्या कथेत दिलेली नाही. त्यांची हरकत किती जणांची होती यापेक्षा ती खरी होती की नाही हे तिथे पाहिले गेले. मोजण्याने निवडणूक होते. जंगलाच्या बाबतीत मोजणे अपुरे पडते, कारण सर्वांत जास्त बाधित होणारे तिथे मत द्यायला येऊच शकत नाहीत.

मग त्यांच्या वतीने कोण? भारतीय कायद्याकडे या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे आणि ते देवळातून आले आहे. हिंदू देवता कायद्याने व्यक्ती मानली जाते. तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावू शकते. तिला बोलता येत नाही म्हणून तिचा कारभार वहिवाटदार पाहतो. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे कोलकात्याच्या मलिक कुटुंबाचा खटला आला. घरातला ठाकूर कुठे राहावा, यावर भाऊबंदांचा वाद होता. मूर्ती ही हलवता येणारी वस्तू नव्हे, तिच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे आणि तिच्या वतीने ज्याचा स्वतःचा हितसंबंध नाही असा निःपक्ष माणूस उभा राहिला पाहिजे, असे कौन्सिलने म्हटले. शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार जंगलाला जसाच्या तसा लागू होतो. २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनांना व्यक्तीचा दर्जा दिला तेव्हा त्याच कल्पनेचा आधार घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांतच त्या निर्णयाला स्थगिती दिली.

या कल्पनेतली खरी अडचण वहिवाटदाराची आहे. देवस्थानच्या जमिनी वहिवाटदारांनीच परस्पर विकल्याच्या तक्रारी महाराष्ट्रातल्या महसूल कचेऱ्यांना नव्या नाहीत. जो म्हणतो की मी जंगलाच्या वतीने बोलतो, त्याचे जंगलात काय गुंतले आहे? वनविभागाला महसूल आणि पर्यटन दिसते. बांधकाम व्यावसायिक ‘हरित दृश्य’ विकतो. पहाटे चालणाऱ्याला मोकळा रस्ता हवा असतो. पर्यावरणवादी संस्थेलाही तिची भूमिका प्रिय असते. निर्मोही कुणीच नाही. म्हणून एकच वहिवाटदार नेमून हा प्रश्न सुटणार नाही. अनेक जण बसवावे लागतील आणि प्रत्येकाने आपला हितसंबंध आधी उघड सांगावा लागेल.

देवराईची परंपराही इथे आठवते, आणि तिच्याकडे डोळसपणे पाहायला हवे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा आजूबाजूचे डोंगर उघडे पडलेले असताना देवाच्या नावाने राखलेले हे तुकडे कसे टिकले, हे लोकांपुढे आले. कोकणात अशा राईतले झाड घ्यायचे तर गाऱ्हाणे घालून देवाला कौल लावतात. तांदळाचे दाणे किंवा फुले मूर्तीला लावायची, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावकीच्या सभेत एक जागा माणसाव्यतिरिक्त कुणासाठी तरी राखून ठेवणारी ही रीत. पण कौल घेणारे मानकरी ठरलेले असतात. बायका आणि दलित त्या वर्तुळाबाहेर राहिले. अलीकडे कित्येक गावांत देवळाचा जीर्णोद्धार करायला पैसे हवेत म्हणून त्याच देवाच्या राईतले वृक्ष विकले गेले आणि जुन्या कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचे देऊळ आले. देव राहिला, राई गेली.

श्रद्धा आपोआप जंगल राखत नाही. संजय गांधी उद्यानाच्या उत्तरेला, वसईच्या खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य आहे. तिथल्या एका आश्रमाचे बांधकाम सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१९ मध्ये पाडावे लागले. भाविकांना दुःख झाले आणि ते खोटे नव्हते. वाघोबाचे ठाणे आणि अभयारण्यातला आश्रम या दोन्ही धर्मस्थळांतला फरक धर्माचा नाही. वाघोबाच्या ठाण्याला छप्पर, कुंपण, रस्ता यांतले काही लागत नाही. ते ठाणे भाविकावर बंधन घालते. जंगलाकडून जागा मागत नाही. नियोजनकाराला कोणती श्रद्धा खरी हे ठरवायचे नाही, ते त्याचे कामही नव्हे. ती श्रद्धा जंगलावर भार टाकते की भाविकावर, एवढे त्याला पाहता येते. हाच निकष तीनमूर्तीला, कान्हेरीच्या जत्रेला आणि चालायला येणाऱ्यांच्या क्लबलाही लागला पाहिजे.

आदिवासींचा हक्क मात्र या निकषावर तोलून चालणार नाही. ते निसर्गपूजक आहेत म्हणून त्यांना विचारायचे, असा गोड सूर शहरी लेखनात वारंवार येतो. त्यात एक सापळा आहे. उद्या पाड्यातल्या मुलाने मोटारसायकल घेतली, घरावर पत्रा घातला, वाघबारस सोडून दिली, तर त्याचा हक्क संपतो का? शहरातल्या माणसाच्या मालकीची परीक्षा त्याच्या भक्तीवरून कुणी घेत नाही. आरेतल्या प्रजापूरपाड्यातली घरे मेट्रोच्या कामासाठी हलली तेव्हा तिथल्या लोकांच्या वाट्याला इमारतीतली खोली आली. त्यांचे शेत, त्यांची झाडे, त्यांचे देव यांचा हिशेब कोणत्या रकान्यात घालायचा हे सरकारी कागदाला ठाऊक नव्हते. पाड्याला आधी विचारायचे ते तो तिथे आधीपासून राहतो म्हणून, कायद्याने त्याला हक्क दिला आहे म्हणून, आणि निर्णयाचा पहिला घाव त्याच्यावर पडतो म्हणून. त्यांची वाघोबावरची श्रद्धा शहराला शिकण्यासारखी आहे, ही वेगळी गोष्ट.

न्यूझीलंडमध्ये ‘ते उरेवेरा’ नावाचे मोठे अरण्य आहे. ते राष्ट्रीय उद्यान होते. २०१४ च्या कायद्याने त्याचा तो दर्जा गेला आणि ते स्वतःच एक कायदेशीर व्यक्ती झाले. तुहोए या तिथल्या माओरी लोकांची आणि सरकारची मिळून एक समिती त्याच्या वतीने काम पाहते. २०१७ मध्ये या समितीने जो व्यवस्थापन आराखडा केला त्याची धारणा विलक्षण आहे. आपण जमिनीचे व्यवस्थापन करत नाही, जमिनीसाठी माणसांचे करतो, असे तो मानतो. ते अरण्य डोंगराळ आणि विरळ वस्तीचे, मुंबईशी त्याची तुलना होणार नाही. पण धारणा उचलण्यासारखी आहे, आणि वाघबारस पाळणाऱ्या माणसाला ती ओळखीची वाटेल.

पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याला विरोध करण्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. रोज पहाटे वेताळाच्या देवळापर्यंत चढणारे, कधीही मोर्चात न गेलेले लोक त्यात होते. प्रेम होते, म्हणून ते आले. त्या प्रेमाला पुढची पायरी आहे. टेकडी वाचवणाऱ्यांनी टेकडीवर आपण किती वाजता, किती जण, कोणत्या वाटेने, कुत्र्याला साखळी लावून की मोकळे सोडून जायचे, हेही स्वतःहून लिहून दिले, तर त्यांच्या हरकतीचे वजन कितीतरी वाढेल. विणीच्या हंगामात एखादी वाट तीन महिने बंद ठेवायला चालणारे तयार झाले, तर तो शहरी माणसाचा वर्षावासच होईल.

बोरिवलीच्या जंगलासाठी हे सगळे फार अवघड नाही. प्रारूप आराखडा इंग्रजीतल्या जाड पुस्तकाऐवजी साध्या मराठीत आणि नकाशासह पाड्यात वाचून दाखवता येतो. सुनावणी दुपारी कार्यालयात न ठेवता माणसे कामावरून परतल्यावर पाड्यात ठेवता येते आणि बायकांची बैठक वेगळी घेता येते. नकाशावर पाणवठे आणि बिबट्याच्या वाटा दाखवतात तशी वाघोबाची ठाणी, स्मशाने, रानभाज्यांच्या जागा दाखवता येतात. आलेल्या हरकतींचे गट करून प्रत्येक गटाला लेखी उत्तर देता येते: हे मानले, हे मानले नाही, कारण हे. उद्यानाच्या कडेवरच्या सोसायट्यांकडून कचरा, रात्रीचे दिवे आणि फटाके यांबद्दल लेखी हमी घेता येते, आणि ती मोडली तर काय, हेही त्याच आराखड्यात लिहिता येते. गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली हे दोन्ही बोगदे याच डोंगराच्या पोटातून चालले आहेत. पाण्याचे झरे सरकले का, हे सर्वांत आधी विहिरीवर जाणाऱ्या बाईला कळेल. तिची नोंद घेणारी वही वनरक्षकाच्या चौकीत ठेवायला फारसा खर्च नाही.

उद्यानाच्या पुढच्या आराखड्याची पहिली बैठक उद्यानातल्याच रावणपाड्यात घ्यायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.